दसऱ्याआधीचे एकोणीस दिवस : गर्भपिशवी काढायचा निर्णय आणि उपकेंद्रातली सीएचओ

(ओळख पटू नये म्हणून रुग्णाचं नाव आणि गाव-घराचे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ आहे. शिक्षण बीएएमएस, वर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स. २०१८ साली आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरलं, तेव्हा हे पद आलं. काही ठिकाणी नर्सिंग झालेले सीएचओ आहेत, आमच्याकडे बहुतेक आयुर्वेदवाले. वर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी (एमओ), खाली एएनएम म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिका आणि गावातल्या आशा, मध्ये आम्ही. रक्तदाब, साखर, गरोदर बायांची तपासणी, कर्करोगाची प्राथमिक तपासणी आमच्याकडे. यादीतली ठरावीक औषधं आम्ही देतो, बाकीची डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

डॉक्टरच्या हाताखाली डॉक्टरचं काही काम करणारी अशी माणसं जगभर आहेत. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात पहिला अभ्यासक्रम निघाला आणि नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांना त्यात घेतलं गेलं. तिथं त्यांना फिजिशियन असिस्टंट म्हणत, आता फिजिशियन असोसिएट म्हणू लागलेत. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं झालं. या पदांचा आढावा घेणाऱ्या जुलै २०२५ मधल्या लेंग अहवालाने सांगितलं की असोसिएट या नावाने रुग्णांचा गोंधळ होतो, तेव्हा असिस्टंट म्हणा, आणि निदान न झालेला रुग्ण सरसकट त्यांच्यापुढे पाठवू नका. हे वाचून मी जरा ओशाळले. आमच्या गावात मला सगळे ‘डॉक्टर म्याडम’ म्हणतात आणि मी क्वचितच कुणाला दुरुस्त करते. या प्रकरणात ते एकदा करावं लागलं.

दुसरी पार्श्वभूमी उसाची. दसरा झाला की गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत कोपी, म्हणजे झोपडी टाकायची, मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडायचा. काम चुकलं की खाडा. ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिच्या टोळीत खाड्याला ५०० रुपये कापायचे. पाळी असो, ताप असो, खाडा तो खाडा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. २०२२ साली केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितलं. कागद झाले. बाई मात्र अजून माझ्यासमोर बसून म्हणते, “पिशवीच काढून टाकते म्याडम, कटकट मिटंल.”

अडचण

सुमनताई, वय ३१. सतराव्या वर्षी लग्न, तीन मुलं, एकविसाव्या वर्षी नसबंदीचं ऑपरेशन. पितृपंधरवड्यात एका दुपारी उपकेंद्रात आल्या. दोन वर्षांपासून पाळीला खूप जातं, आठ-नऊ दिवस चालतं. मधल्या दिवसांत पांढरं जातं, कंबर धरते. बाहेरगावच्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली होती. कागदावर ‘पिशवीला सूज’ आणि तोंडी सांगितलेलं, “पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल.” खर्च ३०,००० रुपये. मुकादम तेवढी उचल वाढवून द्यायला तयार. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याची गाडी लागणार होती. हातात दिवस एकोणीस.

आणि मी पहिल्याच भेटीत चुकले. ‘पिशवी’ हा शब्द कानावर पडल्याबरोबर माझ्यातली प्रशिक्षण घेतलेली बाई जागी झाली. एकतिसाव्या वर्षी पिशवी काढायची नसते, हाडं ठिसूळ होतात, शरीराचं वय लवकर होतं, सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, असं सगळं दहा मिनिटांत सांगून टाकलं. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “बरं.”

मराठवाड्यात राहणाऱ्याला या ‘बरं’चा अर्थ कळायला हवा. चार दिवसांनी आशाताईंनी सांगितलं, “म्याडम, त्येनी दोन हजार भरून आले तिकडं. येत्या सोमवारी घेणार हायेत.” ते रुग्णालय जिल्ह्याच्या हद्दीबाहेर होतं. परवानगीचा कागद तिथं कुणी विचारलाच नव्हता.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी मी एमओ सरांना फोन केला आणि दोघांनी मिळून विचार केला.

वरच्या कार्यालयाला कळवून ऑपरेशन थांबवायचं, हा पहिला. नियमाने बरोबर. पण बाई दुसऱ्या गावात दुसरा दवाखाना शोधेल आणि आमच्याकडे परत पाऊल टाकणार नाही. शिवाय रक्त जातंय ते जातंयच. तक्रार करायची नाही असं आम्ही ठरवलं नाही. आधी बाईचं बघू, असं ठरवलं. हा निर्णय आजही मला पूर्ण पटलेला नाही, कारण त्या दवाखान्यात पुढच्या बायका जातच राहिल्या.

दुसरा पर्याय थेट जिल्ह्याला पाठवायचं. तिथं सगळं होतं, पण एक दिवस जायला-यायला, तपासणीला पुन्हा बोलावणार, रिपोर्टला तिसऱ्यांदा. गाडी लागायच्या आत ते बसत नव्हतं.

तिसरा, जे उपकेंद्रात होतं ते इथं करायचं, जे नाही त्यासाठी बावीस किलोमीटरवरचं ग्रामीण रुग्णालय. तिथं स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस. हाच पर्याय धरला.

औषधांचाही प्रश्न होता. ज्या बाईला पाळीला फार जातं, तिला गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू उत्तम; आमच्या सरकारी साठ्यात ती नाही आणि बाहेर परवडत नाही. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आमच्याकडे मोफत मिळतं, त्याने काहींची पाळी बंदच होते. पण आधीचे काही महिने थेंब-थेंब कधीही जातं. फडात, जिथं कापड बदलायला आडोसा नाही, तिथं रोजचे थेंब आठ दिवसांच्या पाळीपेक्षा वाईट. हे शेवटचं वाक्य माझं नाही, सुमनताईंचं.

काय केलं

आधी घरी गेले. आशाताई बरोबर होत्या. अंगणात सासूबाई शेंगा सोलत बसलेल्या. त्यांचीही पिशवी काढलेली. म्हणाल्या, “मी बी काढलीय की. काम थांबलं का माझं?” मी वाद घातला नाही. शेंगा सोलायला बसले. यावेळी मी फक्त विचारायचं, सांगायचं काही नाही, असं ठरवून गेले होते.

किती जातं, हे विचारायची एक पद्धत पुस्तकात आहे: दिवसातून किती पॅड? सुमनताई पॅड वापरत नाहीत, साडीच्या घड्या वापरतात, आणि फडात घड्याळ नसतं. शेवटी विचारलं, “किती मोळ्या टाकल्या की कापड बदलावं लागतं?” त्या क्षणभर थांबल्या. “दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी? दोन मोळ्या डोक्यावरून गाडीत टाकल्या की भिजतंय. मग तसंच. दुपारी भाकरीच्या टायमाला बदलते.” तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. इतका नेमका इतिहास मला आजवर कुणी दिलेला नाही.

याच गप्पांत आणखी एक गोष्ट निघाली, जी पहिल्या दिवशी मी विचारलीच नव्हती. गेली दोन वर्षं नवरात्रात घट बसतात म्हणून आणि एकदा लग्नासाठी त्यांनी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून घेतल्या होत्या. कुणी सांगितलेल्या नाहीत, किती घ्यायच्या तेही ठरलेलं नाही. गोळ्या थांबल्या की धो-धो. बिघाडाचं सगळं कारण हेच असं मी म्हणणार नाही, पण यंदाही त्याच गोळ्यांचं पाकीट फळीवर तयार होतं.

मग पैशांचा हिशोब. नवरा तोवर आला होता. गेल्या हंगामात पाळीमुळे पडलेले खाडे त्यांनी बोटांवर मोजले, अकरा. म्हणजे ५,५०० रुपये. ऑपरेशनचे तीस हजार म्हणजे साठ खाडे. नवरा त्या आकड्यापाशी थबकला. सुमनताईंवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. “पैशाचं नाय फकस्त,” एवढंच म्हणाल्या.

इथं माझ्या मते या प्रकरणाचं खरं वळण आलं. मी विचारलं, “सोमवारी ऑपरेशन झालं, तर गाडी लागेपर्यंत किती दिवस मिळतील?” मोजले, अकरा. पिशवी काढल्यावर सहा आठवडे तरी जड उचलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अकराव्या दिवशी प्रवास आणि त्याच आठवड्यात मोळी. मी म्हणाले, “ताई, काढू नका असं मी म्हणत नाही. आत्ता नको. एप्रिलला परत आलात आणि तरी काढावीशी वाटली, तर मी स्वतः तुमच्याबरोबर सरकारी दवाखान्यात येईन.” आणि दुरुस्तीही केली: “मी मोठी डॉक्टर नाही. पिशवी काढायची की ठेवायची हे मी ठरवू शकत नाही. ते ज्या ठरवतात त्यांच्यापर्यंत तुम्हाला नेऊ शकते.” मला वाटलं होतं यानं विश्वास कमी होईल. त्या म्हणाल्या, “मग उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात. आधी निश्चय किटवर गरोदरपणाची चाचणी, कारण नसबंदी झालेली असली तरी ती फसल्याची उदाहरणं आहेत. निकाल निगेटिव्ह. हिमोग्लोबिन ७.४. मीटरवर दोनदा केलं. बोटातून निघालेला थेंबच फिका होता. आठच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, तिथं माझी हद्द संपते.

तपासणीची खोली म्हणजे एक टेबल, रेक्झिन फाटलेलं, आणि पडद्याच्या जागी एएनएमताईंची जुनी साडी. कडी आतून लावली, खिडकीवर वर्तमानपत्र. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगितली, आणि ‘थांबा म्हणालात की थांबते’ असंही. पांढऱ्या पाण्याला वास होता, खाज होती. मग ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवर, एमओ सर. व्हिडिओ लागताच सुमनताईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मी फोन भिंतीकडे वळवला, आवाज ठेवला, आणि सापडलेलं सगळं मीच सांगितलं. सरांनी पोटात दुखणं, ताप, दाबल्यावर कळ हे एकेक विचारून घेतलं, आणि हिरवं किट द्यायला सांगितलं. त्यात जंतुसंसर्गाच्या एकदाच घ्यायच्या गोळ्या असतात. पाळी सुरू झाल्यावर रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, तेही पाय सुजणं किंवा रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास नाही हे विचारून घेतल्यावर. ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी त्यांनीच दिली.

आठव्या दिवशी आम्ही ग्रामीण रुग्णालयात होतो. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते, म्हणून त्याच दिवशी जाणं भाग होतं. मी सोबत गेले. ते माझ्या कामाच्या यादीत नाही आणि प्रत्येक रुग्णासाठी मला ते जमणारही नाही. सोनोग्राफीत पिशवी थोडी मोठी, दोन सेंटिमीटरची एक गाठ, आतलं अस्तर व्यवस्थित. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी गाठीचं चित्र कागदावर काढलं आणि म्हणाल्या, “हरभऱ्याहून मोठी, बोराहून जरा लहान. कॅन्सरची गाठ दिसत नाही. आज ऑपरेशनचं कारण नाही, रक्त वाढवण्याचं आहे.” लोहाचं इंजेक्शन, आयर्न सुक्रोज, एक दिवसाआड २०० मिलिग्रॅम, पाच वेळा. थायरॉइडची तपासणी पाठवली, ती पुढे ठीक आली.

पाचांपैकी तीन झाले. चौथ्या इंजेक्शनच्या दिवशी एसटी आली नाही, पाचव्याच्या दिवशी कोपीचं सामान बांधायचं होतं. नवरात्राचे नऊ उपवास त्यांनी सोडले नाहीत. माझ्या सांगण्यावरून उठता-बसता केले असते तर बरं झालं असतं, पण मी एकदाच सुचवलं, रेटलं नाही. मेडिकलच्या गोळ्यांचं पाकीट मात्र आशाताईंकडे जमा झालं.

तेराव्या दिवशी, संसर्ग उतरल्यावर, व्हीआयए, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी केली. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं आणि एक मिनिट थांबून पांढरे डाग उमटतात का ते पाहायचं. ते मिनिट लांबलचक असतं. डाग नव्हता. ‘कॅन्सर होईल’ या वाक्याला द्यायला माझ्याकडे आता एक बघितलेलं उत्तर होतं, नुसता दिलासा नव्हता. पाच वर्षांनी पुन्हा करायची, हे कार्डावर लिहिलं.

सोळाव्या दिवशी पाळी आली, घटाचं जाऊबाईंनी केलं. गोळ्या चालू केल्या. तिसऱ्या दिवशी आशाताईंचा निरोप: “निम्म्यावर आलंय.” एकोणिसाव्या दिवशी गाडी गेली. बरोबर पाच महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या, तीन पाळ्यांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिकच्या पट्ट्या, सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत.

निष्पत्ती

तीन पाळ्यांपुरत्या. हंगाम पाच महिन्यांचा. हा हिशोब मी कसा चुकवला, याचं मला अजून नवल वाटतं. साठा कमी होता हे खरं, पण तिथल्या सीएचओकडून पुढचं मिळेल, असं मी धरून चालले होते. त्या सीएचओचा नंबर मी ग्रुपवरून शोधला, फोन केला, ती बिचारी चांगली बोलली. पण तिच्या आशांच्या यादीत गावची घरं होती, उसाच्या फडातल्या कोप्या नव्हत्या. आणि टोळी दर पंधरा दिवसांनी जागा बदलत होती. डिसेंबरात एकदा नवऱ्याच्या फोनवर बोलणं झालं. जानेवारीत गोळ्या संपल्या, पुन्हा जास्त गेलं, आणि सुमनताईंनी रिकामं पाकीट मेडिकलवर दाखवून स्वतःच पट्टी आणली. औषध बरोबर मिळालं, हे नशीब.

एप्रिलमध्ये परतल्यावर हिमोग्लोबिन १०.२. पाळी पाच-सहा दिवसांवर. पांढरं जाणं एकदा परत झालं होतं, कंबर पूर्वीइतकीच दुखते. खाडे पाच पडले. स्त्रीरोगतज्ज्ञांनी पुन्हा पाहिलं, गाठ तेवढीच. ऑपरेशनचं विचारलं तर सुमनताई म्हणाल्या, “पाहू औंदा.” दवाखान्यात भरलेले दोन हजार परत मिळाले नाहीत.

आणि जाऊबाई. वय २९. ज्यांनी सुमनताईंचा घट सांभाळला, त्या फेब्रुवारीत तिकडेच कुठल्याशा दवाखान्यात पिशवी काढून आल्या. त्यांना तोच त्रास होता. त्या दिवशी अंगणात, मी शेंगा सोलत असताना, त्या चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. मी त्यांना एक शब्द विचारला नाही.

आज पुन्हा वेळ आली तर

पहिल्या भेटीत ‘काढू नका’ म्हणणार नाही. आधी किती जातं ते मोळ्यांत विचारेन, आणि मेडिकलच्या गोळ्यांचं नक्की.

हे सगळं सुरू करायला पितृपंधरवडा फार उशिराचा आहे. आता आम्ही पोळ्याच्या सुमारास यादी काढतो: कोणती टोळी, कोणता मुकादम, कोणता कारखाना, आणि घरातली प्रत्येक बाई, फक्त तक्रार घेऊन आलेली नाही. हिमोग्लोबिन तेव्हाच केलं तर लोहाची पाचही इंजेक्शनं बसतात. पूर्ण हंगामाची औषधं एमओ सरांच्या सहीने एकदम देतो, आणि कार्डावर औषधाचं नाव, किती, किती दिवस, कधी थांबवायचं हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो. म्हणजे मेडिकलवर रिकामं पाकीट दाखवायची वेळ आली, तरी सोबत कार्ड असेल.

नवऱ्याला पैशांचा हिशोब मांडून दाखवला, ते चाललं. पण तो सुमनताईंच्या समोर, त्यांना न विचारता मांडला. त्यांच्या पाळीचे खाडे अंगणात सगळ्यांदेखत मोजले गेले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे एकदा उपकेंद्रात, कडी लावलेली असताना म्हणाल्या, “त्या दिशी मला लई लाजल्यागत झालं म्याडम.”

मी माफी मागितली. नंतर जाऊबाईंना बोलावणं पाठवलं. दोनदा आल्या नाहीत. तिसऱ्यांदा आल्या, कंबर दुखते म्हणून.